बाळा घाडीचं ताट

आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाच्या वार्षिक अंकासाठी यंदा आहार आणि आरोग्य असा विषय दिला आहे. मला आहारातलं काही कळत नाही. विमा कंपनीत आयुष्यभर टायपिंग केलं, तेही दुसऱ्यांनी लिहिलेल्या मजकुराचं. पण आमच्या समोरच्या दारातल्या बाळा घाडीला मी गेली कित्येक वर्षं जेवताना पाहिलं आहे, आणि आता न जेवताना पाहतो आहे. तेवढंच सांगता येईल. कुणाला उपयोगी पडेल की नाही, माहीत नाही.

बाळा मूळचा मालवणकडचा. तरुणपणी लालबागच्या एका कापडगिरणीत साचे, म्हणजे माग, चालवायचा. संपानंतर भांडुपच्या एका कारखान्यात लागला आणि मुलुंड पूर्वेला आमच्या सोसायटीत राहायला आला. सोसायटीचं लोखंडी कपाट हलवायचं असलं की सेक्रेटरी हमाल बोलवायचे नाहीत, बाळाला हाक मारायचे. तो एक टोक धरायचा आणि आम्ही तिघं मिळून दुसरं.

त्याला वेड एकच, माशांचं. रविवारी सकाळी बाजारातून आला की जिन्यातूनच ओरडायचा, "भटजी, दार लावून घ्या, सुरमई येताहा." मी आयुष्यात कधी पूजा सांगितलेली नाही, पण त्यानं भटजी म्हटलं ते कायमचं. माझी बायको क्षमा उदबत्ती लावायची. थोड्या वेळानं बाळाची बायको, प्रेमावहिनी, आमच्याकडे सोलकढी घेऊन यायच्या आणि दारातच सांगायच्या, "वेगळ्या भांड्यातली हा, भावोजी. निर्धास्त प्या." आम्ही निर्धास्त प्यायचो.

मग प्रेमावहिनींच्या छातीत गाठ निघाली. ऑपरेशन झालं, पुढची औषधं झाली, केस गेले आणि परत आले. त्या बऱ्या झाल्यावर बाळा म्हणाला, काशीला जाऊ या. आम्हा दोघांनाही त्यानं बरोबर घेतलं.

काशीला गेल्यावर आवडीची एक वस्तू सोडायची पद्धत आहे. गंगेत उभं राहून तिचं नाव घ्यायचं, आणि मग जन्मभर ती खायची नाही. आमच्या यात्रेच्या गटात बहुतेकांनी डोकं चालवून सोडलं. कुणी कारलं सोडलं, कुणी सुरण. क्षमानं पपई सोडली, कारण तिला तिचा वासच सहन होत नाही. मी सीताफळ सोडलं. बियांचा कंटाळा.

बाळाची पाळी आली तेव्हा तो म्हणाला, "मच्छी."

पंड्याला वाटलं, याला समजलं नाही. "फल बोलो, फल."

"मेरा फल वही है," बाळा म्हणाला.

प्रेमावहिनी पायरीवर ओल्या साडीनं उभ्या होत्या. त्यांनी कपाळावर हात मारला. "ओ, कारलां सोडलात तरी चालला असता."

"आवडता ता सोडूचा असता," बाळा म्हणाला. "नावडता सोडून काय देवाक फसवतंस?"

आम्ही बाकीचे सगळे नदीकडे बघायला लागलो.

त्यानंतर त्यानं माशाला हात लावला नाही. पण तो खचलाही नाही, कारण प्रेमावहिनींनी त्याचं ताट भरलेलं ठेवलं. काळ्या वाटाण्याचं सांबारं, कुळथाची पिठी, नाचणीची भाकरी, रविवारी कोंबडी, सकाळी अंडं. आमटीसुद्धा अशी दाट, की चमचा उभा राहील. स्वतः माशाचं कालवण त्या फक्त बाळा गावी गेला की करायच्या, आणि तेव्हाही आम्हाला सांगून ठेवायच्या की त्याला कळू देऊ नका. पुढे कितीतरी वर्षं दोघांची छान गेली. बाळा सत्तरी ओलांडूनही एका हातानं गॅसचा सिलिंडर वर आणायचा.

दोन वर्षांपूर्वी प्रेमावहिनी गेल्या. जुनं दुखणं नव्हतं, हृदय थांबलं, झोपेतच.

त्यानंतर बाळाच्या ताटातून एकेक वस्तू उठायला लागली. काढणाऱ्या माणसांमध्ये वाईट कुणीच नव्हतं, हे आधी सांगतो. रक्तात साखर थोडी वाढलेली निघाली, तेव्हा डॉक्टरांनी भात कमी करायला सांगितला. घरात तो बंदच झाला. मुलगा नितेश बापाच्या काळजीनं मोबाईलवर वाचत बसायचा. त्यात कोलेस्टेरॉलचं आलं, म्हणून अंडं गेलं आणि सोलकढीतला नारळही गेला. अंगठा सुजला तेव्हा कुणीतरी सांगितलं, युरिक ॲसिड, कडधान्यं बंद. वाटाणे आणि कुळीथ गेले. कवळी नीट बसेना म्हणून भाकरी गेली आणि कोंबडीही गेली. सून रुचिरा अंधेरीला बँकेत जाते. बिचारी सकाळी सगळ्यांचे डबे करून सासऱ्यासाठी दुधीची पातळ भाजी आणि एक फुलका झाकून ठेवायची. बाळा फुलका चहात बुडवून खायचा. पुढे फुलका तसाच राहायला लागला आणि चहाबरोबर खारी आली. खारी मऊ पडते, चावावी लागत नाही, कुणाला कामाला लावावं लागत नाही. दुपारी चहा-खारी, संध्याकाळी चहा-खारी. रात्री तो म्हणायचा, पोट भरलेलं आहे.

प्रत्येकानं एक गोष्ट काढली. जागेवर दुसरी ठेवायची आठवण कुणाला झाली नाही. ते काम प्रेमावहिनींचं होतं.

तो बारीक व्हायला लागला. आम्ही संध्याकाळी बागेत एका बाकावर बसतो. तिथे भाऊराव म्हणून आमचे एक मित्र आहेत, पोट सुटलेले. ते त्याला बघून म्हणायचे, "झकास, बाळा. काय उतरवलंस रे वजन. आम्हाला पण सांग की काय करतोस."

"चाय पितंय," बाळा म्हणायचा.

सगळे हसायचे. मीही हसायचो. बाकावरून उठताना तो माझ्या खांद्यावर हात ठेवायचा, आणि जरा भार द्यायचा. इतकी वर्षं त्यानं असा हात कधी ठेवला नव्हता. मला वाटलं, वहिनी गेल्यापासून माणूस हळवा झाला आहे.

एक दिवस सोसायटीच्या दारातल्या दोन पायऱ्या चढताना तो बसला. पडला नाही, घसरलाही नाही, नुसता खाली बसला आणि त्याला उठता येईना. वॉचमननं आणि मी त्याला उचललं. एवढ्या मोठ्या माणसाला उचलायचं म्हणून मी कंबर सांभाळून जोर लावला, आणि तो इतका सहज वर आला की माझाच मागे तोल गेला.

आमच्या जुन्या डॉक्टरांची मुलगी, डॉक्टर इरावती, आता दवाखाना बघते. नितेशनं आणि मी त्याला तिच्याकडे नेलं, तिनं तपासलं. रक्त, छाती, सगळं ठीक होतं. मग तिनं त्याला हात न टेकता खुर्चीतून उठायला सांगितलं. तो पुढे झुकला, मागे झुकला, ओशाळून हसला आणि बसून राहिला.

"माझा हात दाबा बघू, काका. जोरात."

"दाबतंय," तो म्हणाला.

इरावतीनं आपल्या हाताकडे पाहिलं आणि मग नितेशकडे. "यांना रोग नाहीये कुठला," ती म्हणाली. "हे उपाशी आहेत."

नितेशचा चेहरा उतरला. "अगं, आम्ही घरात सगळं..."

"तुम्ही जपलंत, माहितेय मला. पण या वयात वजन असं उतरलं की ते चरबीचं नसतं, स्नायूंचं असतं. अंगातलं बळच जातं. सगळी पथ्यं बंद करा. थोडा भात द्या, डाळ दाट द्या, अंडी द्या, वाटाणे द्या. मासे खातात ना? मऊ असतात, चावायला त्रास नाही. आवडतात का मासे तुम्हाला, काका?"

नितेशनं माझ्याकडे पाहिलं. शेवटी बाळाच म्हणाला, "आवडतत ना."

त्या दिवसापासून घरात सगळं परत आलं, पण बाळाची भूक परत आली नाही. इतके महिने खारीवर काढलेलं पोट काही घ्यायलाच तयार नव्हतं. अंड्याच्या वासानं त्याला मळमळायचं. कोंबडीचं सूप केलं, तो म्हणाला पाणी आहे. दुधात घालायची पावडर आणली, तो म्हणाला चुना आहे. क्षमानं मुगाची मऊ खिचडी तूप घालून नेली, पनीर कुस्करून नेलं. तिच्या शब्दाखातर त्यानं दोन घास घेतले आणि म्हणाला, "वयनी, बरां झालाहा. पण आता पुरे." मी त्याला विचारलं, "अरे, काहीतरी खावंसं वाटतं का तुला? काहीही."

त्यानं वाटी बाजूला सारली. मग म्हणाला, "वाटता. पण ता सोडलंय."

नितेश मला जिन्यात भेटला. "काका, तुमचं ऐकतील ते. तुम्ही समजावा ना, प्लीज. आमच्यावर नुसते हसतात."

माझं कुणी ऐकत नाही, हे नितेशला माहीत नसावं. तरी मी गेलो. जाताना वाक्यं मनात जुळवून ठेवली होती. तोवर नितेशनं एका गुरुजींनाही विचारलं होतं. ते म्हणाले होते, औषध म्हणून घेतलं तर दोष नाही, हवं तर छोटा विधी करू. मी ते सगळं बाळाला सांगितलं. सीताफळाचंही सांगितलं, की मी काय सोडलं आणि का सोडलं, आणि माझं त्यानं काही बिघडलेलं नाही.

त्यानं शांतपणे ऐकलं. उशी पाठीमागे ओढून घेतली.

"भटजी," तो म्हणाला, "डॉक्टरांनी सांगितलेला, प्रेमा दोन वर्सां काढीत. किती काढल्यान?"

"पुष्कळ."

"मी मासे दिलंय, देवान ती वर्सां दिल्यान. आता माझा मी परत घेतलंय, तर ती वर्सां पण परत द्यावी लागतली ना?"

"अरे, पण ती वर्षं होऊन गेली. आता त्याचं काय?"

"तेच सांगतंय. होऊन गेली म्हणान आता मी फसवू?"

खरं म्हणजे काशीला त्या पायरीवर तो एकटाच खरं वागला होता. त्यालाच आता आम्ही सगळे मिळून, त्याच्याच भल्यासाठी, खोटं वागायला सांगत होतो.

मी परत घरी आलो. क्षमा म्हणाली, "नुसतं बोलून काय होणार? समोर ताट आलं तर गोष्ट वेगळी." म्हणून मग मी एक वेडेपणा केला. मी मासळी बाजारात गेलो.

क्षमानं एक जुनी पिशवी दिली. "ही परत आणू नका," एवढंच म्हणाली. बाजारात मी दोन फेऱ्या मारल्या. सगळे मासे माझ्याकडे बघत आहेत असं वाटत होतं. शेवटी एका कोळणीसमोर थांबलो.

"काय काका, दर्शनाला आलाव का?" ती म्हणाली. "मगाशीपण येऊन गेलाव."

"मऊ काही आहे का? दात नसलेल्या माणसाला चालेल असं."

"दात तर तुमचे दिसतान."

"मला नको. मित्राला हवंय. आजारी आहे."

तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. शेजारणीला म्हणाली, "बघ गं, दोस्ती. भट मच्छी न्यायला आलाय." मग माझ्याकडे वळली. "बोंबील न्या. त्याला दात लागत नाय. साफ करून देऊ, का तुम्ही करणार?"

शेजारीण पदर तोंडाला लावून हसत होती. मी म्हटलं, तुम्हीच करा, आणि तोंड फिरवून उभा राहिलो.

बाळाच्या घरी मी पिशवी लांब धरून शिरलो तेव्हा तो पलंगावर टेकून बसला होता. त्यानं आधी पिशवीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि हसायला लागला. वहिनी गेल्यानंतर मी त्याला असं हसताना पाहिलं नव्हतं. हसून त्याला दम लागला.

"रुचिरा," त्यानं हाक मारली, "हय ये. भटजीन बोंबील हाडलेत. घराण्याचा नाव बुडवल्यान."

त्यानं पिशवी उघडायला लावली. एक बोंबील बोटानं दाबून बघितला. "ताजे असत. फसवूक नाय तुका." मग म्हणाला, मला स्वयंपाकघरात न्या. नितेशनं आणि मी त्याला धरून दारातल्या खुर्चीवर बसवलं, आणि तिथून तो रुचिराला सांगत राहिला. "अर्धे पाटाखाली दाब, पाणी जाऊ दे. बाकीच्याचा तिखला कर. आमसुलां दोनच. हळद जरा जास्त. ढवळू नको गे, मोडतले, नुसता टोप हालव." त्याचे डोळे चमकत होते. रुचिरा हसत हसत करत होती. नितेशनं माझा हात हळूच दाबला. आम्हा सगळ्यांना वाटलं, जमलं.

ताट वाढलं. मऊ भात, वर दाट आंबट-तिखट तिखलं, बाजूला रव्यात तळलेला बोंबील. बाळानं ताट मांडीवर घेतलं. वाकून वास घेतला. डोळे मिटून बराच वेळ तसाच बसला. मग ताट नितेशच्या हातात दिलं.

"तू खा," तो म्हणाला. "माका पेज दे."

"बाबा, एक घास. प्लीज. आईची शपथ आहे तुम्हाला."

"आईसाठीच नाय खातंय रे, झिला."

नितेश तिथेच जमिनीवर बसून जेवला. जेवताना त्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि बाळा त्याला विचारत होता, तिखट बरोबर आहे ना, आंबट कमी नाही ना. विचारता विचारता त्यानं स्वतः मिठाची पेज वाटीभर संपवली. दुसरी वाटी मागितली. तीही संपवली.

मग ते तसंच ठरलं. बुधवारी आणि रविवारी रुचिरा मासे करायची, त्याच्या खोलीचं दार उघडं ठेवायची, आणि बाळा त्या वासाबरोबर पेज जेवायचा. पेजेत ती मुगाची डाळ शिजवून घोटून टाकायची, कधी नाचणीचं पीठ. इतर दिवशी तो चमचाभर घ्यायचा, त्या दोन दिवशी नीट जेवायचा. क्षमानं उदबत्ती लावणं सोडून दिलं. उलट बुधवारी आमचं दारही उघडं ठेवायची, का ते तिलाच ठाऊक.

मी इरावतीला सांगायला गेलो. मला वाटलं, तिला बरं वाटेल.

"वासात काही नसतं हो, काका," ती म्हणाली. मग तिला वाईट वाटलं असावं. "पेजेत डाळ जातेय, तेवढं चांगलं आहे. पण फार उशीर झालाय. दोन दिवसांवर आठवडा नाही निघत."

"मग काय करायचं?"

तिनं टेबलावरचं पेन उचललं आणि परत खाली ठेवलं. "तुम्ही त्यांच्याजवळ बसता ना? बसत जा."

ते मला येतं. मी रोज बसतो. बाळा आता पलंगावरून उतरत नाही. कपाट उचलणारे त्याचे हात चादरीवर पडलेले असतात, मनगटावरून घड्याळ कोपरापर्यंत सरकायला लागलं, म्हणून नितेशनं ते काढून ठेवलं आहे. बागेतले भाऊराव भेटायला आले होते. वजनाबद्दल बोलले नाहीत. घरी गेल्यावर त्यांनी मला फोन करून विचारलं की त्यांनी स्वतः भात सोडला आहे, तो परत सुरू करावा का. मी म्हटलं, मला विचारू नका, इरावतीला विचारा.

गेल्या बुधवारची गोष्ट. रुचिरानं बँकेतून अर्धी रजा घेतली होती. बांगड्याचं तिखलं केलं होतं. त्यातल्या तिरफळांचा वास जिन्यात, आमच्या घरात, पार खालच्या मजल्यावर गेला होता. माझ्यासारख्यालाही तो आता ओळखता येतो. मी पेजेची वाटी घेऊन बाळाच्या उशाशी बसलो. दार उघडं होतं, आत टोपावरची वाफ इथूनही दिसत होती.

मी चमचा त्याच्या तोंडाजवळ नेला. त्यानं मान वळवली.

"भटजी," तो म्हणाला, "आज बुधवार मां?"

"हो."

"रुचिरा मासे करूक नाय काय?"

मी दाराकडे पाहिलं. रुचिरा हातात पळी घेऊन उभी होती. तिनं ऐकलं होतं. तिनं माझ्याकडे पाहिलं.

"नाही रे," मी म्हणालो. "आज तिला उशीर झाला. उद्या करणार आहे."

"बरां," बाळा म्हणाला आणि डोळे मिटले. "मगे मी उद्याच जेवतंय."

रुचिरा आत गेली. गॅस बंद केल्याचा आवाज आला. पेज निवत चालली होती, आणि मी चमचा तसाच धरून बसलो.